प्रसारमाध्यमे आणि एचआयव्ही-एड्स : ऐकलेले, समजलेले आणि आचरलेले

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. धम्म, शिक्षण आणि चळवळ या विषयांवर आमच्याहून अधिकारी मंडळी लिहितातच. आम्ही बँकेतील एक लिपिक. पदवी कला शाखेची, विषय समाजशास्त्र. त्यामुळे आपल्या सभागृहात ज्याचा उच्चार सहसा होत नाही, असा एक विषय घेण्याचे ठरविले. वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरदर्शन, रस्त्यावरचे जाहिरात फलक आणि अलीकडे हातातला मोबाईल, या साधनांनी एचआयव्ही-एड्सविषयी लोकांना काय सांगितले, लोकांना त्यातले किती समजले आणि सुरक्षित लैंगिक वर्तनात किती उतरले, हा तो विषय होय. वडीलधाऱ्या वाचकांना काही शब्द खटकतील. ते टाळून हा विषय मांडता येत नाही, म्हणून क्षमस्व.

उलव्यात राहणाऱ्यांना हा विषय परका मानता येणार नाही. शेजारचे न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. तेव्हापासून देशभरचे ट्रेलर या भागात येतात. त्यांचे चालक व क्लीनर आठवडेच्या आठवडे घराबाहेर असतात. पुढे सिडकोच्या इमारती उभ्या राहिल्या, २०१८ साली खारकोपरपर्यंत लोकल आली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि उलव्याची टेकडी कापून, दहा गावे हलवून उभारलेल्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले. ही कामे करणारे तरुण परप्रांतांतून आले, तसेच मराठवाडा-विदर्भातूनही आले. गावी पैसे पाठविण्यासाठी ते आमच्या काउंटरसमोर रांगेत उभे असतात. वय वीस-बावीस, एकटे राहणारे, हाती थोडासा पैसा. यात त्यांचा दोष काढण्याचा हेतू नाही. आमचे आजोबाही असेच एकटे मुंबईच्या गिरणीत आले होते. परंतु घरापासून दूर राहणारा पुरुष आणि गावी त्याची वाट पाहणारी त्याची बायको, या दोघांच्या वाट्याला हा धोका अधिक येतो, हे देशातील अनुभवाने दाखविले आहे.

विद्यार्थी मित्रांसाठी मूळ माहिती थोडक्यात देतो. एचआयव्ही हा शरीराची रोगप्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू आहे. उपचार न मिळाल्यास काही वर्षांनी जी अवस्था येते, तिला एड्स म्हणतात. बाधित व्यक्तीशी असुरक्षित लैंगिक संबंध, बाधित रक्त, दूषित सुई आणि बाधित मातेकडून बाळाला, हे त्याच्या प्रसाराचे चार मार्ग होत. डास चावल्याने, एका ताटात जेवल्याने, हात मिळविल्याने किंवा एकाच पेल्यातून पाणी प्यायल्याने तो पसरत नाही. प्रत्येक संबंधाच्या वेळी कंडोमचा योग्य वापर केल्यास धोका पुष्कळ कमी होतो. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून औषधोपचार मोफत सुरू झाले. औषध रोज, न चुकता घेऊन रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीतही न सापडण्याइतके खाली आले व तसेच टिकून राहिले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ही शेवटची गोष्ट माहीत असलेली माणसे आम्हांस फार थोडी भेटली. सुशिक्षितांतही थोडीच.

भीतीचे शिक्षण

जगात या रोगाची पहिली नोंद १९८१ साली अमेरिकेत झाली. भारतात १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा विषाणू आपल्याकडे पोहोचल्याचे उघड झाले. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, स्थापन झाली. त्या काळी औषध नव्हते, लसही नव्हती. लोकांना सांगणे एवढाच उपाय हाती होता आणि ते काम प्रसारमाध्यमांकडे आले.

माध्यमांनी आरंभी सांगितले ते भीती घालून. कवटी, सापळा, काळा रंग आणि मृत्यूचा इशारा, अशी तेव्हाची भित्तिपत्रके आमच्या पिढीने पाहिली आहेत. ही भीती कायद्यातही उतरली होती. १९८९ साली गोव्यात डॉमनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले. तपासणीत त्याच्या रक्तात विषाणू आढळला आणि त्याला पोलिसांकरवी नेऊन ६४ दिवस एकांतात डांबून ठेवण्यात आले. पुढे त्याने याविरुद्ध लढा दिला आणि १९९२ साली त्याचे निधन झाले. नव्वदच्या दशकातच दूरदर्शनवर शबाना आझमी यांची एक छोटी जाहिरात येऊ लागली. बाधित माणसाला स्पर्श केल्याने काही होत नाही, असे ती सांगत असे. आमच्या चाळीत ती जाहिरात लागली की कोणीतरी उठून आवाज कमी करी, किंवा वडील आम्हांस पाणी आणावयास आत पाठवीत. पण जाहिरात पुनःपुन्हा लागत असल्यामुळे ती सर्वांना पाठ झाली होती.

पाठ होणे आणि आचरणात येणे यांत किती अंतर असते, याचे उदाहरण आम्ही स्वतःच आहोत. आमच्या आत्याचे यजमान ट्रेलर चालवीत. बंदरातून माल भरला की पंधरा-पंधरा दिवस बाहेर असत. २००१ साली ते या रोगाने गेले; मोफत औषध सुरू होण्यास तेव्हा तीन वर्षे अवकाश होता. त्या वर्षी आम्ही बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनानिमित्त झालेल्या महाविद्यालयीन निबंध स्पर्धेत आम्हांस उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले होते. स्पर्शाने, जेवणाने, पाण्याने रोग पसरत नाही, हे आम्ही त्या निबंधात लिहिले होते. त्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही आत्याच्या घरी गेलो. तिने पाण्याचा तांब्या-भांडे पुढे केले. आम्ही म्हणालो, तहान नाही.

ऊन असे होते की पत्र्याखाली बसवत नव्हते. आत्या काही बोलली नाही, भांडे घेऊन आत गेली. ज्या समाजाच्या माणसांना पाण्यासाठी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, त्या समाजातील, त्याच रायगड जिल्ह्यात आज घर घेऊन राहणाऱ्या माणसाने आपल्या सख्ख्या आत्याच्या हातचे पाणी नाकारले होते. आत्या आता हयात नाही. तिची तपासणी पुढे झाली, ती बाधित नव्हती. ती असती तरीही पाणी पिण्यास काहीच हरकत नव्हती, हे आम्हांस त्या दिवशीही ठाऊक होते.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांनी एड्सचे नाव ऐकले होते. ज्यांनी ऐकले, त्यांतील दहापैकी जवळजवळ आठ जणींनी ते दूरदर्शन संचावरून ऐकले होते. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत नाव ऐकलेल्या स्त्रिया ६१ टक्के आणि पुरुष ८४ टक्के झाले. नाव घरोघरी पोहोचविण्याचे काम माध्यमांनी केले, यात शंका नाही.

परंतु याच पाहणीत 'समग्र ज्ञान' म्हणून आणखी एक मोजमाप असते. कंडोमचा नेहमी वापर आणि एकच, बाधित नसलेला, एकनिष्ठ जोडीदार यांमुळे धोका कमी होतो हे माहीत असणे. निरोगी दिसणारी व्यक्तीही बाधित असू शकते हे माहीत असणे. आणि सर्वांत प्रचलित असे दोन गैरसमज नाकारणे, एवढे सर्व ज्याला जमेल, त्यालाच समग्र ज्ञान आहे असे मानतात. तिसऱ्या फेरीत असे ज्ञान असलेल्या स्त्रिया १७ टक्के व पुरुष ३३ टक्के होते. दहा वर्षांनी, २०१५-१६ मध्ये, स्त्रिया सुमारे २१ टक्के आणि पुरुष ३२ टक्के. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत स्त्रिया जवळपास २२ टक्के, तर पुरुष ३१ टक्क्यांच्या आत. म्हणजे पुरुषांचा आकडा किंचित खालीच आला. याच पाचव्या फेरीत कंडोमच्या नियमित वापराने धोका कमी होतो हे सांगणारे पुरुष मात्र ८२ टक्के व स्त्रिया ६८ टक्के निघाल्या. एक सुटे वाक्य लोकांना येते. सर्व गोष्टी मिळून जी समज व्हावयाची, ती फारशी वाढलेली नाही. आम्हांस स्वतःला हे आकडे प्रथम वाचले तेव्हा खरे वाटले नव्हते.

यातून माध्यमे निरुपयोगी ठरतात असे नाही. देशात नव्या लागणींचे प्रमाण २०१० ते २०२१ या काळात ४० टक्क्यांहून अधिक घटले, असा नाकोचा अंदाज आहे. २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे ३ लाख ९४ हजार लोक एचआयव्हीसह जगत होते. ही घट औषधोपचार, रक्ताची तपासणी, धोक्याच्या वस्त्यांतील प्रत्यक्ष काम आणि प्रचार या सर्वांनी मिळून घडविली. त्यातील प्रचाराचा वाटा वेगळा काढून तोलता येत नाही, एवढे खरे.

बलबीर पाशाची गोष्ट

मुंबईकरांना २००२ च्या नोव्हेंबरपासूनचे ते फलक आठवत असतील. बलबीर पाशाला एड्स होईल काय, एवढा एकच प्रश्न हिंदीत विचारलेला. बसथांब्यावर, रेल्वेस्थानकाजवळ, रेडिओवर, वृत्तपत्रात तोच प्रश्न. हा बलबीर कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हते. लोकलच्या डब्यात अनोळखी माणसे एकमेकांना विचारू लागली आणि आमच्या वर्गात एका मित्राला ते नावच चिकटले. पॉप्युलेशन सर्व्हिसेस इंटरनॅशनल या संस्थेची ही मोहीम होती आणि कमी उत्पन्न गटातील तरुण पुरुष डोळ्यांसमोर ठेवून ती आखलेली होती. हळूहळू गोष्ट उलगडत गेली. बलबीर दारू प्यायला की कंडोम विसरतो. बलबीर एकट्या मंजुळाकडेच जातो, म्हणून त्याला वाटते की आपण सुरक्षित. पण मंजुळाकडे इतरही येतात. समोरची व्यक्ती धडधाकट दिसते, म्हणून तो निश्चिंत असतो. लोकांच्या मनात खरोखर असणाऱ्या पळवाटा एकेक करून पकडल्या होत्या. भित्तिपत्रकावरच्या सापळ्याशी कोणी स्वतःची तुलना करीत नाही. बलबीरशी करता येत होती. शिवाय मोहिमेसोबत दूरध्वनी मदतसेवा होती. फलक पाहून माणूस विचारू शकत होता आणि अनेकांनी विचारलेही.

मोहिमेवर टीकाही झाली आणि ती आम्हांस रास्त वाटते. रोग मंजुळाकडून बलबीरकडे येतो, एवढीच दिशा त्यात दिसत होती. मंजुळाला तो कोणी दिला आणि बलबीरच्या बायकोचे काय होईल, हे प्रश्न बाजूला राहिले. सांगलीत 'संग्राम' ही मीना शेषू यांची संस्था १९९२ पासून याच्या उलट बाजूने काम करीत आली. वेश्याव्यवसायातील स्त्रियांनीच आपल्या मैत्रिणींना माहिती द्यावी, कंडोम पुरवावेत आणि गिऱ्हाईकाला नाही म्हणण्याचे बळ एकमेकींना द्यावे, अशी ती पद्धत. फलकावर मंजुळेला चेहरा नव्हता. सांगलीत तीच शिक्षिका झाली.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कॅट्झ आणि लाझर्सफेल्ड यांचे १९५५ चे विवेचन माहीत असेल. माध्यमांतील संदेश थेट माणसाचे मत बदलीत नाही. ज्याच्या शब्दाला आपण मान देतो अशा ओळखीच्या व्यक्तीच्या तोंडून तो आला, म्हणजे बदलतो, असा त्याचा सारांश. एड्सच्या बाबतीत याचा पडताळा थायलंड या बौद्ध देशात मिळतो. १९९१ पासून तेथील मंत्री मेचाई विरवैद्य यांच्या पुढाकाराने रेडिओ आणि टीव्हीवर तासातासाला एड्सविषयक संदेश सुरू झाले. पण केवळ संदेशांवर ते थांबले नाहीत. वेश्यागृहांतून शंभर टक्के कंडोम वापराचा नियम देशभर लागू केला, कंडोम फुकट पोहोचविले आणि गुप्तरोगांच्या दवाखान्यांतील नोंदींवरून नियम पाळला जातो की नाही, हे तपासले. १९९१ साली तेथे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नव्या लागणी होत होत्या. २००३ पर्यंत त्या सुमारे १९ हजारांवर आल्या.

उत्तर देणारा कोणी

मराठी माध्यमांत या विषयाला वाचा फोडणारे पहिले नाव रघुनाथ धोंडो कर्वे यांचे. 'समाजस्वास्थ्य' हे मासिक त्यांनी १९२७ साली सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू होईपर्यंत चालविले. लैंगिक विषयांवर वाचक पत्राने प्रश्न विचारीत आणि कर्वे मासिकातून उत्तरे देत. या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या खटल्यात कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यावरून ते अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या मनात प्रश्न आहेत तर त्यांना ज्ञानानेच उत्तर दिले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पुढे १९३८ च्या नोव्हेंबरात स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तोही नामंजूर झाला. बाबासाहेबांचे चरित्र आपण दरवर्षी वाचतो, पण हे प्रकरण व्याख्यानांत क्वचितच ऐकू येते. का, ते वाचकांनीच ठरवावे.

आश्चर्य असे की, त्यानंतर सत्तर-ऐंशी वर्षांनीही हीच रस्सीखेच चालू राहिली. २००७ साली महाराष्ट्रात शाळांतील लैंगिक शिक्षणाला विरोध होऊन ते थांबविण्यात आले. त्याच वर्षी १ डिसेंबरला 'रेड रिबन एक्सप्रेस' ही प्रदर्शन आणि समुपदेशनाची रेल्वेगाडी दिल्लीहून देशभर निघाली. म्हणजे फलाटावर जे शिकवावयाचे, ते वर्गात शिकवावयाचे नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने कंडोमच्या जाहिराती सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत दाखवू नयेत असे कळविले. टीका झाल्यावर, भावना चाळविणाऱ्या जाहिरातींपुरतेच ते असल्याचा खुलासा केला.

या ओघात एक गोष्ट सांगावीशी वाटते. सरकारने १९६८ साली १५ पैशांना तीन या दराने कंडोम विकण्यास काढले आणि त्याला नाव दिले 'निरोध'. लाल त्रिकोणाच्या जाहिरातींमुळे तो शब्द इतका रुळला की धम्मवर्गात तिसऱ्या आर्यसत्याचा, दुःखनिरोधाचा, उल्लेख आला म्हणजे मागच्या रांगेतील मुले खुदखुदू लागत. आम्हीही खुदखुदलो आहोत. गुरुजींनी रागावण्याऐवजी त्या दोन्ही अर्थांविषयी पाच मिनिटे बोलून घेतले असते, तर पुष्कळ काम झाले असते.

आज परिस्थिती निराळी आहे. नव्वदच्या दशकात वाहिन्या थोड्या होत्या, त्यामुळे एकच जाहिरात साऱ्या देशाला दिसे. आता प्रत्येकाच्या मोबाईलवर वेगळे काही चाललेले असते. काउंटरसमोरच्या रांगेत उभ्या असलेल्या त्या तरुणाला एचआयव्हीविषयी एखादा चित्रफितीचा तुकडा दिसेल किंवा कधीच दिसणार नाही. खात्रीचा उपाय सांगणाऱ्या भोंदूंचे तुकडे मात्र दिसतात. विचारावयाचे झाल्यास १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक निःशुल्क आहे. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत तपासणी मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते. २०१७ साली संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने संमतीवाचून चाचणी करण्यास आणि नोकरी, शिक्षण वा उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली आहे. हा कायदा बँकेतही आमच्या दोन सहकाऱ्यांनाच माहीत होता.

गेल्या १ डिसेंबरला उलव्यात आम्ही काही मंडळींनी एक छोटा कार्यक्रम केला. व्याख्यान ठेवले असते तर कोणी आले नसते, म्हणून दारात एक रिकामा बुटांचा खोका ठेवला आणि नाव न लिहिता चिठ्ठी टाका असे सांगितले. सरकारी रुग्णालयातील एक समुपदेशक भगिनी उत्तरे द्यावयास आल्या होत्या. एकेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या. निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांत डास, न्हाव्याचा वस्तरा आणि स्विमिंग पूल होते, म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीचेच प्रश्न. एकाने विचारले होते की चाचणी केली तर मुकादमाला कळेल काय. एका मुलाने कंडोमचे पाकीट दुकानात मागावयाचे कसे, एवढेच विचारले होते आणि त्यावर सभागृहात हशा झाला. बाईंनी मात्र त्याचे उत्तर सर्वांत सावकाश दिले.

चिठ्ठ्या निवडताना एक आमच्या हाती आली. वहीच्या पानावर, बायकी अक्षरात. नवरा गाडीवर असतो, दोन महिन्यांनी घरी येतो, त्याला कंडोम वापरा असे कोणत्या तोंडाने सांगू, तो मलाच विचारील की तुला कशाला पाहिजे. बाईंनी ती चिठ्ठी मोठ्याने वाचली नाही. घडी करून पर्समध्ये ठेवली आणि कार्यक्रम संपल्यावर, स्त्रियांनी थांबावे, पुरुषांनी बाहेर जावे, एवढेच सांगितले. आम्ही बाहेर चपलांजवळ उभे राहिलो. आतली बैठक पाऊण तास चालली.